गेम मधेच बंद पडतो, ग्राफिक्स सेटिंग्जमधून काय करता येतं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पोरांचे पीसी-लॅपटॉप मी बघून देतो, पैसे घेत नाही, चहा घेतो. दर वेळी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. उदाहरणं बरीचशी जीटीए फाईव्हची आहेत कारण निम्म्या लोकांचं दुखणं तिथलंच असतं आणि त्याच्या सेटिंग्ज मला झोपेतही सांगता येतात, बाकी तत्त्व सगळ्या गेमला सारखंच. सगळं विंडोज 10 आणि 11 धरून लिहिलंय.

दादा, गेम क्रॅश होतोय, कुठली सेटिंग कमी करू?

थांबा. आधी सांगा, क्रॅश म्हणजे नेमकं काय होतंय. गेम फटकन बंद होऊन डेस्कटॉप दिसतो का? की स्क्रीन काळी होते, दोन-चार सेकंदांनी परत येते आणि गेम मेलेला असतो? की चित्र गोठतं आणि आवाज मागे चालूच राहतो? की अख्खा पीसीच बंद होऊन पुन्हा चालू होतो?

पहिल्या दोन प्रकारांत ग्राफिक्स सेटिंग्जचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. गोठण्याचं काही सांगता येत नाही, कधी ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) तर कधी रॅम. आणि पीसीच रीस्टार्ट होत असेल तर बहुतेक पॉवर सप्लाय किंवा उष्णता, तिथे सावल्या कमी करून फार तर लोड कमी होईल, मूळ दुखणं जाणार नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदींमध्ये बघा: कर्नल-पॉवर 41 दिसलं तर पीसी धड बंद न होता गेलाय, आणि डिस्प्ले 4101 दिसलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने तो पुन्हा उठवला. एवढं बघून ठेवलंत तर पुढचं अर्धं काम झालं.

मी सगळंच लो केलंय, तरी होतं. मग?

सगळं एकदम लो करणं ही पहिली चाचणी म्हणून ठीक आहे, इलाज म्हणून नाही. सगळं लो, रिझोल्यूशन 1280 बाय 720, आणि तरीही बरोबर त्याच ठिकाणी क्रॅश होत असेल तर सेटिंग्जचा नाद सोडा, फाईल खराब आहे किंवा ड्रायव्हर किंवा आणखी काही, ते खाली येतंय. पण लोवर तासभर चालला आणि हायवर दहा मिनिटांत पडला तर तुमचा चोर सेटिंग्जमध्येच आहे. मग एकेक सेटिंग वर न्यायची आणि प्रत्येक वेळी किमान अर्धा तास खेळायचं. लोक काय करतात, पाच गोष्टी एकदम बदलतात, गेम चालतो, आणि मग कशाने चालला ते कळत नाही म्हणून आयुष्यभर चिखलासारखं चित्र बघत बसतात.

व्हिडिओ मेमरी म्हणजे नक्की काय आणि ती भरते कशाने?

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण क्रॅशचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं मूळ इथेच असतं. ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते, 2 जीबी, 4 जीबी, 8 जीबी अशी. लोकांना वाटतं की रिझोल्यूशननेच ती भरते. हिशोब करून बघा: 1920 बाय 1080 म्हणजे 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल, प्रत्येकाला 4 बाइट धरले तर एक चित्र जेमतेम 8 एमबी. गेम अशी अनेक चित्रं एकाच वेळी बाळगतो हे खरं, पण तरी एक जीबी काही सहजी होत नाही.

आता टेक्स्चर बघा. टेक्स्चर म्हणजे भिंतीवर, गाडीवर, कपड्यांवर चिकटवलेलं चित्र. 4096 बाय 4096 चं एक टेक्स्चर चांगल्या कॉम्प्रेशनमध्येही 16 एमबी खातं, त्याच्या लहान आवृत्त्या सोबत ठेवाव्या लागतात त्या धरून 21 च्या आसपास. एका रस्त्यावर अशी किती असतील ते मोजा. तेच टेक्स्चर एक पायरी उतरवून 2048 बाय 2048 केलं की बाजू निम्मी पण जागा थेट पाव. म्हणून 2 किंवा 4 जीबीच्या कार्डावर गेम पडत असेल तर मी दुसरं काही न बघता आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणतो.

गंमत म्हणजे मेमरीत बसत असतील तोवर टेक्स्चरने फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात, म्हणजेच एफपीएस) फारसा फरक पडत नाही, त्यामुळे लोक ती व्हेरी हायवरच ठेवतात, "एफपीएस तर 60 येतोय ना" म्हणून. एफपीएस येतो हो, पण मेमरी काठोकाठ भरलेली असते, मग नवीन भागात गेलात की विंडोज तो बोजा साध्या रॅममध्ये ढकलतं, आधी खेळ अडखळायला लागतो, आणि मग एखाद्या गेमला ते झेपत नाही आणि तो बसतो.

मेमरी भरतेय हे बघायचं कुठे?

टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, खाली जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तिथे डेडिकेटेड जीपीयू मेमरी असं लिहिलेलं असतं. गेम चालू ठेवून आल्ट-टॅबने बाहेर या आणि बघा. 4 जीबी कार्डावर 3.8 दिसत असेल तर उत्तर मिळालं.

जीटीए फाईव्हमध्ये तर ती पट्टी असते ना वर?

हो, आणि ती पट्टी फार उपयोगाची आहे. जुन्या, म्हणजे 2015 साली पीसीवर आलेल्या आवृत्तीत ग्राफिक्सच्या पानावर वर व्हिडिओ मेमरी किती वापरली जाईल ते दिसतं. आता त्यात इग्नोअर सजेस्टेड लिमिट्स म्हणून एक सेटिंग आहे, ती ऑन केली की गेम तुम्हाला मर्यादेपलीकडे जाऊ देतो. "मला माहीत आहे मी काय करतोय" असं तुम्ही गेमला सांगता, आणि बहुतेकांना माहीत नसतं.

मागच्या मे महिन्यात नागपूरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचा लॅपटॉप, 2 जीबीचं कार्ड. "मामा, शहरात आलो की पडतो, डोंगरात मस्त चालतो." उघडून बघतो तर पट्टी लालभडक, टेक्स्चर व्हेरी हाय, ग्रास अल्ट्रा, एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) चार पट, आणि इग्नोअर अर्थातच ऑन, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे. एमएसएए बंद केलं, टेक्स्चर नॉर्मल, ग्रास नॉर्मल, पॉप्युलेशन व्हरायटी अर्ध्यावर. पट्टी पांढरी झाली. त्याला फरक दिसला तो फक्त एका ठिकाणी, तारांच्या आणि कुंपणाच्या कडा दातेरी दिसायला लागल्या, त्याला एफएक्सएए ऑन करून दिलं. शहरात तासभर गाडी हाणली पोराने, बाहेर 45 डिग्री, आत कूलर, आणि गेम काही पडला नाही.

डोंगरात चालतो आणि शहरात पडतो, याचंही कारण तेच. शहरात वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या इमारती, प्रत्येकाची टेक्स्चरं वेगळी. पॉप्युलेशन व्हरायटी त्याचसाठी मेमरी खाते.

एमएसएए आणि एफएक्सएएमध्ये काय फरक, दोन्ही कडाच गुळगुळीत करतात ना?

करतात, पण एमएसएए चार पट म्हणजे एका पिक्सेलसाठी चार नमुने साठवायचे, ते मधल्या सगळ्या बफरांना लागू होतं, म्हणून मेमरी आणि मेहनत दोन्ही. एफएक्सएए तयार झालेल्या चित्रावर शेवटी हात फिरवतं, जवळजवळ फुकट, थोडं धूसर. क्रॅशचं दुखणं असेल तर एमएसएए बंद, यावर माझ्याकडे चर्चा नाही.

मग कुठल्या क्रमाने कमी करू, एकदाचं सांगून टाका.

आधी रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी मोजणारी सेटिंग) असेल तर बंद. मग टेक्स्चर एक पायरी. मग एमएसएए. मग शॅडो, कारण सावल्यांचा नकाशाही चौकोनीच असतो, 4096 वरून 2048 वर आणला की 64 एमबीचा 16 होतो आणि असे नकाशे तीन-चार असतात. त्यानंतर रिफ्लेक्शन, ग्रास, लांबचं दिसण्याचं अंतर. रिझोल्यूशन शेवटी, आणि गेममध्ये डीएलएसएस किंवा एफएसआर असेल तर रिझोल्यूशनला हात लावण्याआधी ते लावा, आतलं काम कमी रिझोल्यूशनवर होतं आणि चित्र बरं राहतं. मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड वगैरे क्रॅशसाठी बदलून फारसा फायदा नाही, मी ते बंद ठेवतो कारण मला डोकं दुखतं.

गेम उघडतच नाही, मग सेटिंग बदलू कुठून?

सेटिंग्ज एका फाईलमध्ये असतात, ती काढून टाका, गेम पुढच्या वेळी स्वतःहून नवी बनवतो. जीटीए फाईव्हची डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्स, त्यात जीटीए फाईव्ह, त्यात सेटिंग्ज नावाची एक्सएमएल फाईल. डिलीट करायची भीती वाटत असेल तर नाव बदला किंवा डेस्कटॉपवर हलवा, मी तेच करतो. सेव्ह केलेला खेळ वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो जात नाही. पण फोल्डरच उडवू नका, एकाने उडवला होता, 70 टक्के झालेला गेम गेला आणि मग माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

याच गेमला सेफमोडमध्येही सुरू करता येतं, लाँच ऑप्शनमध्ये (गेम लाँचरमध्ये सुरुवातीची सूचना लिहायची जागा) डॅश देऊन सेफमोड हा शब्द इंग्रजीत जोडून लिहायचा. तो सगळ्यात कमी सेटिंग्जवर उघडतो, पण त्या सेव्ह करत नाही. असं उघडलं तर कळलं की सेटिंगच आडवी येतेय.

डायरेक्टएक्स 11 की 12?

डायरेक्टएक्स म्हणजे गेमला कार्डाशी बोलायला विंडोजने दिलेली भाषा. गेम दोन्ही देत असेल आणि 12 वर पडत असेल तर 11 वर चालवून बघा. 12 मध्ये मेमरीची बरीच जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर असते, आणि सगळ्यांनी ती सारखी निभावलेली नाही. द विचर थ्री घ्या, डिसेंबर 2022 च्या मोठ्या अपडेटनंतर तो सुरू करतानाच दोन्हीपैकी एक निवडता येतो, 11 घेतलं की रे ट्रेसिंग मिळत नाही पण जुन्या कार्डावर तो निवांत चालतो. अनरियल इंजिनच्या (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बऱ्याच गेमना लाँच ऑप्शनमध्ये डॅश डीएक्स 11 लिहिलं की झालं.

जीटीए फाईव्हच्या जुन्या आवृत्तीत 10, 10.1 आणि 11 असे पर्याय आहेत, फारच जुनं कार्ड असेल तर 10.1 वर लावून गेम पुन्हा सुरू करा. मार्च 2025 मध्ये आलेली एनहान्स्ड आवृत्ती मात्र वेगळी, तिला किमान जीटीएक्स 1630 च्या तोडीचं 4 जीबीचं कार्ड आणि एसएसडी लागते. 2 जीबीच्या लॅपटॉपवर ती डाऊनलोड करून मला फोन करू नका, जुनी खेळा.

"डिव्हाइस हंग", "डिव्हाइस रिमूव्ह्ड" असं काहीतरी येतं. कार्ड कुठे गेलं?

कुठे नाही गेलं. विंडोज कार्डाला काम देतं आणि उत्तराची वाट बघतं, नेहमीची मुदत 2 सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर विंडोज समजतं की कार्ड अडकलं, आणि ड्रायव्हर रीसेट करतं. गेमच्या पायाखालची सतरंजीच ओढली जाते. काळी होऊन परत येणारी स्क्रीन ती हीच.

रजिस्ट्रीत जाऊन ती मुदत 8 किंवा 10 सेकंद करा असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते आवडत नाही. कार्ड दोन सेकंदांत उत्तर का देत नाही ते शोधा. बहुतेक वेळा कारण असतं ओव्हरक्लॉक, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. तुम्ही केलं नसेल पण कंपनीतूनच थोडं करून आलेलं असतं, आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये कोअरचा वेग 50 मेगाहर्ट्झने उतरवून बघा, तीन-चार एफपीएस जातील, गेम पडायचा थांबला तर समजा. दुसरं कारण ड्रायव्हर.

ड्रायव्हर नवा टाकू की जुना?

नव्या गेमला नवा. आणि जो गेम कालपर्यंत चालत होता आणि ड्रायव्हर अपडेटनंतर पडायला लागला त्याला आधीचा. टाकण्यापूर्वी डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) वापरून आत्ता असलेला पूर्ण साफ करा, तोही विंडोजच्या सेफ मोडमध्ये जाऊन. फार जुनी कार्डं असतील तर नवा मिळणारच नाही, उदाहरणार्थ जीटीएक्स 660, हे 2015 मध्ये जीटीए फाईव्हसाठी शिफारस केलेलं कार्ड होतं, त्याच्या पिढीसाठी एनव्हिडियाने 2021 मध्ये गेम रेडी ड्रायव्हर थांबवले. त्यावर आजचा गेम पडला तर दोष कुणाचाच नाही, वय झालं.

ड्रायव्हर बदलला की शेडर कॅशही (कार्डासाठी तयार करून साठवलेले छोटे प्रोग्रॅम) साफ करा, डिस्क क्लीनअपमध्ये डायरेक्टएक्स शेडर कॅश म्हणून असतं. पहिल्यांदा गेम थोडा अडखळेल, ते नॉर्मल आहे.

लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे पण गेम 128 एमबी मेमरी दाखवतो!

गेम इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतोय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे गेम शोधून हाय परफॉर्मन्स करा. चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीवर लॅपटॉप कार्डाला उपाशी ठेवतो.

वेगळं कार्डच नाहीये माझ्याकडे, रायझेनचं आतलं ग्राफिक्स आहे.

आतलं ग्राफिक्स तुमच्याच रॅममधून मेमरी घेतं. 8 जीबी रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोज, ब्राउझर, गेम आणि ग्राफिक्स सगळे एकाच ताटात जेवतायत. बायॉसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्ज) पर्याय असेल तर ग्राफिक्ससाठी 512 एमबीऐवजी 2 जीबी राखून ठेवा, पण त्याआधी आणखी एक 8 जीबीची पट्टी टाका, नाहीतर तिकडे दिलं आणि इकडे कमी पडलं असं होतं. दोन पट्ट्यांनी वेगही चांगला वाढतो. लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत गेलात तर आधीच्या पट्टीचा फोटो सोबत न्या. मला एका दुकानात डीडीआर 4 म्हणून डीडीआर 3 दिली होती, घरी आल्यावर खाचच जुळेना, परत त्याच उन्हात.

पेजफाईल बंद केली की गेम फास्ट होतो ना?

नाही. पेजफाईल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा. उलट गेम खरोखर वापरतो त्यापेक्षा जास्त मेमरी राखून ठेवायला मागतात, पेजफाईल नसली की विंडोज नाही म्हणतं आणि गेम पडतो. सिस्टीम मॅनेज्डवर ठेवा आणि विसरा.

गेम खेळताना कार्ड किती गरम झालेलं चालतं?

टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली तापमानही दिसतं. 75-80 ला घाबरायचं नाही. 85 च्या पुढे सतत राहत असेल तर आधी फ्रेमवर लगाम घाला: व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) ऑन, किंवा ड्रायव्हरमधून कमाल 60. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर 140 फ्रेम काढून कार्ड फक्त खोली तापवतं. मेन्यूमध्ये तर आणखी वाईट, तिथे काम कमी म्हणून फ्रेम शेकड्यांत जातात. जुलै 2021 मध्ये अमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटात, म्हणजे चाचणी आवृत्तीत, काही आरटीएक्स 3090 कार्डं मेली, मग अमेझॉनने मेन्यूत फ्रेमची मर्यादा घातली, आणि कार्ड बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने पुढे सांगितलं की त्यांच्या काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्येच खोट होती. म्हणजे लगाम नसणं हे एकटं कारण नव्हतं, पण कच्चं कार्ड उघडं पडलं ते तिथेच.

तरीही गरम होत असेल तर ब्लोअर मारा. फॅन बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांनी हा प्रश्नच विचारू नये.

माझ्याकडे 12 जीबीचं कार्ड आहे आणि तरी "आऊट ऑफ व्हिडिओ मेमरी" येतं, हे कसं?

प्रोसेसर कुठला? इंटेलचा 13 व्या किंवा 14 व्या पिढीचा, डेस्कटॉपवरचा आय 7 किंवा आय 9? तर सेटिंग्ज सोडा. या पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत होता आणि अनरियल इंजिनचे गेम सुरुवातीला शेडर उघडताना हाच खोटा एरर दाखवायचे. लोकांनी बिचाऱ्या कार्डांना दोष दिला, काहींनी कार्डं बदलली सुद्धा. ऑगस्ट 2024 मध्ये इंटेलने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायॉस अपडेट करा. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

मदत मागताना काय सांगायचं?

"चालत नाही" सोडून काहीही. कार्ड आणि त्याची मेमरी, रॅम किती आणि किती पट्ट्या, गेममध्ये कुठे पडतो, किती मिनिटांनी, एररचा मोबाईलवर काढलेला फोटो. आणि स्टीमवर असाल तर फाईल व्हेरिफाय (गेमच्या खराब फाईल शोधून दुरुस्त करणं) करून झालंय का ते. अर्ध्या लोकांचं तिथेच भागतं आणि मेसेज येतच नाही.

जुना सॅन अँड्रियास विंडोज 11 वर सुरू होतानाच पडतो. त्यालाही टेक्स्चर कमी करू का?

अहो, तो पीसीवर 2005 चा आहे, तुमचं कार्ड त्याला गिळून ढेकर देईल. त्याचं दुखणं उलटं, जुनी सेटिंग नव्या स्क्रीनला जुळत नाही. डॉक्युमेंट्समध्ये जीटीए सॅन अँड्रियास युझर फाईल्स नावाचं फोल्डर असेल, त्यात शेवटी सेट असलेली एक छोटी फाईल आहे, ती हलवा आणि पुन्हा सुरू करा. चालू झाला की फ्रेम लिमिटर ऑनच ठेवा. ऑफ केला की फ्रेम भरमसाट वाढतात आणि सीजेला, म्हणजे गेमच्या नायकाला, पोहता येईनासं होतं, पाण्यात नुसता हातपाय मारत जागच्या जागी.